दोन तासांचा घास

लातूरला बदली झाली तेव्हा घर शोधण्यासाठी मी अकरा मुद्द्यांची यादी केली होती. पाणी, कार्यालयापासूनचं अंतर, दाराची कडी, गच्चीवर कपडे वाळत घालायची सोय, अशी. पहिल्या सहा घरांत मालकांनी आधी आडनाव विचारलं आणि मग खोल्या दाखवल्या. सातव्या घराच्या मालकांनी आडनावाचं नावच काढलं नाही. सत्तरीकडे झुकलेले, काटकुळे, बनियनवर शर्ट अडकवत दारात आले. माझ्याकडे पाहून त्यांनी एकदा नाकाने हवा ओढली.

"मच्छरची अगरबत्ती लावता का?"

"नाही. मच्छरदाणी लावते."

"फवारा?"

"नाही."

"सकाळपासून पोटात गेलं का काही?"

मी नांदेडहून पहिल्या गाडीने आले होते. चहाशिवाय काही घेतलं नव्हतं, तसं सांगितलं. त्यांनी मला आत बसवलं, ताटात ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणून ठेवली आणि समोर खुर्ची ओढून बसले. मी शेवटचा तुकडा मोडेपर्यंत उठले नाहीत. मग म्हणाले, "वरचा मजला तुमचा. अगरबत्तीचं तेवढं ध्यानात ठेवा."

आडनाव का विचारलं नाहीत, हे मी पुढे कधीतरी विचारलं. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीची काच पुसता पुसता ते म्हणाले, "मला लई जणांनी इचारलंय ते. त्यानं घर मिळत न्हाई मॅडम, जातंय."

मी त्यांना काका म्हणत असे. ते मला मॅडम म्हणत. मी भांडार विभागात काम करते, कागदावर टिकमार्क केल्याशिवाय मला झोप येत नाही. आमचं जमण्याचं काही कारण नव्हतं. पण जमलं.

बैठकीत तसबिरीच्या समोरच्या भिंतीशी काचेची मोठी टाकी होती. पाणी स्वच्छ, आत खडक, दोन-चार शंख आणि मासा एकही नाही. मला वाटलं, मासे मेले असतील. तसं विचारल्यावर ते दुखावले.

"मासे नव्हतेच कधी. ही हाय ना."

एका खडकाच्या खालच्या बाजूला, वटवाघळासारखं उलटं लटकलेलं, लालभडक, चार-पाच बोटांचं काहीतरी होतं. सुरकुतलेलं. वाळत घातलेल्या लाल मिरच्यांसारखं. ते त्याला मिरचीच म्हणत.

"पोवळं हाय. जित्तं. संध्याकाळी साताला या, मग बघा."

साताला मी गेले. बैठकीतला दिवा त्यांनी बंद केला होता, स्वयंपाकघरातला उजेड तेवढा येत होता. मिरच्या फुगून दुप्पट झाल्या होत्या आणि त्यांच्या अंगभर पांढरी, आठ-आठ पाकळ्यांची बारीक फुलं उमलली होती. प्रत्येक फूल म्हणजे एक तोंड, असं त्यांनी सांगितलं. काका लांब नळीने त्यांच्यावर ढगासारखं काहीतरी सोडत होते आणि ती तोंडं एकेक करून मिटत होती.

"बाकीच्या पोवळ्यांना उजेड पुरतो," ते म्हणाले. "त्यांच्या अंगात शेवाळ राहतंय, ते उन्हावर त्यांचा सैपाक करतंय. हिच्या अंगात कुणी न्हाई. हिला भरवावंच लागतं. दर दोन तासाला थोडं. एकदम जास्ती दिलं तर पाणी नासतं, कमी दिलं तर ही वाळते."

मी लगेच विचारलं, "हे घरात ठेवायला परवानगी आहे का? कागदपत्रं?" त्यांनी फाईल काढून आयातीची पावती दाखवली. मी वाचली आणि परत दिली. त्या दिवसापासून ते मला मानू लागले, असं वाटतं.

त्यांचा दिवस दोन-दोन तासांत कापलेला होता. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत. रात्रीचं मी विचारलं नाही. लग्नाला गेले तर अक्षता पडायच्या आत उठून येत. एकदा दातांच्या डॉक्टरकडून तोंडात कापूस धरून अर्ध्यातून घरी आले, मिरचीला भरवलं आणि परत जाऊन दात काढून घेतला. फ्रिजमध्ये त्यांच्या दुधाशेजारी मिरचीच्या खाद्याच्या, हिरव्या पाण्याच्या बाटल्या असत, आणि खिडकीत उलट्या बाटलीत हवा सोडून ते मीठपाण्यातल्या किड्यांची अंडी उबवत. धुळीच्या कणाएवढी पिल्लं. ती बाहेर आली की मला हाक मारून दाखवत. मला काही दिसत नसे. "दिसली," असं मी म्हणत असे.

रोज सकाळी टाकीत बोट बुडवून ते जिभेला लावत आणि अंगणात थुंकत. खारेपणा मोजायची काचेची नळी घरात होती, पण त्यांचा भरवसा जिभेवर होता.

गल्लीत त्यांची चेष्टा चाले. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणारं गाव. शेजारच्या बाई रिकाम्या घागरी घेऊन फाटकाशी थांबत आणि मुद्दाम मोठ्याने म्हणत, "आमच्या नरड्याला कोरड, आन ह्यांनी घरात समुद्र भरून ठेवलाय!"

"समुद्राला नळ लागत न्हाई, बाई," काका आतून म्हणत. "त्यो एकदा भरला की भरला. फिजूल खर्च न्हाई."

हे खरं नव्हतं, आणि ते त्यांना सगळ्यांत जास्त माहीत होतं.

ते मूळचे किनवटकडचे, इस्लापूरचे. सहस्रकुंड धबधब्याचा आवाज ऐकत लहानाचे मोठे झाले. लातूरच्या एका मोठ्या दवाखान्यात डायलिसिसची यंत्रं दुरुस्त करून निवृत्त झाले. समुद्र त्यांनी एकदाच पाहिला होता, काकूंबरोबर, चैत्यभूमीला गेले तेव्हा. रांगेतून बाहेर आल्यावर काकू चपला हातात घेऊन पाण्यात शिरल्या आणि किती हाका मारल्या तरी येईनात.

काकूंविषयी ते बोलत नसत. जे बोलले ते माझ्या वहीतल्या एका पानावर मावेल. काकूंना घशाचा कर्करोग झाला. शेवटचे चौदा महिने नाकातून नळी होती. दर दोन तासांनी काका पातळ पेज, दूध, डाळीचं पाणी गाळून पिचकारीने नळीत सोडत. सोडून झालं की विचारत, "गेलं का पोटात?" त्या मान हलवत. "तिला ठेचा पाहिजे होता," ते एकदा म्हणाले. "डॉक्टर न्हाई म्हणले. मी बी न्हाई म्हणलो." मग बराच वेळ त्यांनी पाना-पक्कड आवरली.

त्या गेल्यावर दर दोन तासांनी काकांना जाग येत राहिली. हात उठत आणि पुढे काही नसे. कुठल्याशा मासिकात त्यांनी उजेडावर न जगणाऱ्या पोवळ्याबद्दल वाचलं.

हे सगळं मी पुढच्या गोष्टीसाठी सांगते आहे.

त्यांची एकुलती एक मुलगी नांदेडला राहते. शिक्षिका आहे. लातूर-नांदेड म्हणजे जाऊन-येऊन आठ तास, म्हणजे चार घास. त्यामुळे काका सहा वर्षांत तिच्याकडे गेले नव्हते. तीच यायची, आणि आली की टाकीकडे पाठ करून बसायची. लग्नानंतर आठ वर्षांनी तिला दिवस गेले. तेव्हा तिने बापाला नाही, मला फोन केला.

"मावशी, डॉक्टर म्हणतायत लवकर होऊ शकतं. आई न्हाई मला. बाबांना पाठवा ना. त्या मशीनचं बघा काहीतरी."

मशीन होतं. तीन वर्षांपासून काका ते बनवत होते. भंगारात निघालेल्या डायलिसिसच्या यंत्राचा पंप त्यांनी आणला होता, त्यातली चाकं रबरी नळी दाबत दाबत फिरतात आणि थेंब मोजून पुढे ढकलतात. खाद्याची बाटली एका लहान फ्रिजमध्ये. फ्रिजच्या अंगाला भोक पाडून नळी बाहेर. खाद्य तळाशी बसू नये म्हणून बाटलीत फिरणारं लोहचुंबक. दर दोन तासांनी पंप चालू होई, टाकीतला जोराचा प्रवाह आपोआप थांबे, घास पडे, आणि नळीत उरलेलं कुजू नये म्हणून पंप उलटा फिरून ते मागे ओढून घेई. मी भांडारात बरीच यंत्रं पाहिली आहेत. इतकं शहाणं एकही पाहिलं नाही.

आणि ते कधीच पूर्ण होत नव्हतं. दर वेळी एक खोट निघे. नळी तुंबते. वीज गेली तर घड्याळ चुकतं. चुंबक आवाज करतं.

मुलीचा फोन आल्यावर मी वही घेऊन खाली गेले. "सगळ्या खोटी सांगा." चौदा निघाल्या. मी क्रमांक घातले आणि रोज संध्याकाळी कार्यालयातून आल्यावर एक-एक खोडायला लावली. इन्व्हर्टर आणला. नळी बदलली. ते चिडत. "तुमी काय माझ्या साहेब हाव का?" मी म्हणे, "आज सात नंबर." अठरा दिवसांत चौदाही झाल्या. त्यानंतर दोन दिवस आम्ही नुसतं पाहिलं. यंत्र दर दोन तासांनी, एकही चूक न करता, मिरचीला भरवत होतं. ते शेजारी खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसून होते.

"आता काय राहिलं?" मी विचारलं.

"काहीच राहिलं न्हाई," ते म्हणाले. मला वाटलं होतं, ते खूश होतील.

मे महिन्यात ते निघाले. आठ दिवसांसाठी. माझ्याकडे फक्त दोन कामं होती. दर तीन दिवसांनी खाद्याची बाटली बदलायची, आणि रोज सकाळी टाकीतलं पाणी खुणेपर्यंत भरायचं. उन्हाळ्यात रोज चार-पाच लिटर पाणी उडून जात असे. तेवढं एक काम त्यांनी यंत्राला दिलं नव्हतं. एकदा व्हॉल्व्ह अडकून बैठकभर पाणी झालं होतं, तेव्हापासून पाणी माणसानेच टाकायचं, असं त्यांचं म्हणणं.

मी लिहीत होते. ते पिशवी खांद्याला लावून दारात उभे होते.

"पाणी फिल्टरचं टाकायचं, गोडं. ड्रममधलं न्हाई. कारण असं बघा मॅडम, पाणी उडतंय ना, तवा..."

"काका, का ते नको. काय ते सांगा. गाडी सव्वा अकराची आहे."

ते थांबले. "फिल्टरचं. खुणेपर्यंत," ते म्हणाले.

मी लिहिलं: फिल्टरचं पाणी, खुणेपर्यंत. खाली रेघ मारली.

चौथ्या दिवशी मुलीचं बाळंतपण झालं. दीड महिना आधीच. मुलगी झाली, तळहाताएवढी, काचेच्या पेटीत ठेवली. तिला चोखता येत नव्हतं. नाकातून नळी घातली होती आणि दर दोन तासांनी आईचं दूध पिचकारीने. काकांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज मी ओळखला नाही.

"नर्स म्हणली, आजोबा तुमचा हात लई सवयीचा हाय. मला करू देतात एखाद वेळी. मिरची कशी हाय?"

"छान आहे. यंत्र नंबर एक. तुम्ही तिथलं बघा."

आठाचे पंचवीस दिवस झाले.

त्या पंचवीस दिवसांत नळाला दोनदाच पाणी आलं. फिल्टरचं एक बादली पाणी काढायला तीन बादल्या लागतात, दोन वाया जातात. सहाव्या दिवशी मी कळशीभर शुद्ध, गोडं, पिण्याचं पाणी हातात घेऊन त्या टाकीपुढे उभी राहिले आणि माझा हात पुढे होईना. फाटकाबाहेर बायका टँकरची वाट पाहत होत्या. आणि कोपऱ्यात शंभर लिटरचा निळा ड्रम होता, काकांनी परत आल्यावर पाणी बदलण्यासाठी मीठ घालून तयार ठेवलेला. ते पाणी माणसाच्या कामाचं नव्हतं. टाकीतलंही खारंच, ड्रममधलंही खारंच. मी विचार केला. मी नेहमीच विचार करते, तीच माझी ख्याती आहे. खाऱ्यात खारं घातलं आणि गोडं वाचवलं.

वहीत मी तसं लिहिलंही. रोजच्या तारखेपुढे: ड्रममधील पाणी ५ लि. आणि शेजारी: फिल्टरचे पाणी बचत ५ लि. मला त्या रकान्याचा अभिमान वाटत होता.

मिरची मिटलेलीच राहू लागली. संध्याकाळी साताला मी जाऊन पाहत असे. फुलं नाहीत. मग बोटं बारीक झाली. मग त्यांचा लाल रंग विटका झाला. यंत्र दर दोन तासांनी घास टाकत होतं. फोनवर काका विचारत, "उघडली का?" तिकडे बाळाचं वजन पाच-दहा ग्रॅमनी वाढत होतं, आणि ते रोज मला तो आकडा सांगत होते. मी म्हणत होते, "थोडी सुस्त आहे. उन्हाळा आहे ना."

हे खोटं होतं, आणि ते वहीत नाही.

ते परत आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. चपला काढायच्या आधी टाकीपाशी गेले. वाकून पाहिलं. खडकाखाली एक दोरीसारखं काही लोंबत होतं. त्यांनी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

ते थुंकायला अंगणात गेले नाहीत. गिळलं.

"वही आणा," ते म्हणाले.

मी आणली. त्यांनी चष्मा लावून पहिल्या दिवसापासून वाचलं. बचतीच्या रकान्यावर बोट फिरवत खाली आले. पान उलटलं. मग मला नीट समजावून सांगितलं, शाळेतल्यासारखं, आवाज न चढवता. उडतं ते नुसतं पाणी. मीठ उडत नाही, मागे राहतं. वरून खारं टाकलं की रोज मीठ चढत जातं. तिला रोज घास मिळत होता, पण मिठानं तिचं अंग आटत होतं. तोंड उघडायचं बळ कुठून येणार?

मी उभीच होते. मी म्हटलं, "काका, तुम्ही सांगत होतात. मी थांबवलं."

त्यांनी वही मिटली आणि विचारलं, "वाचलेलं पाणी काय केलं?"

"प्यायले. थोडं शेजारच्या बाईंना दिलं. त्यांची सून बाळंतीण आहे."

त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ शर्टाच्या टोकाने पुसत राहिले.

"मग ठीक हाय," ते म्हणाले. "कुणाच्या तरी पोटात गेलं."

यंत्र त्यांनी लगेच बंद केलं नाही. पुढे आठवडाभर, दर दोन तासांनी, खाली पंपाची घरघर होई, रिकाम्या खडकावर घास पडे आणि नळीतलं उरलेलं परत मागे ओढलं जाई. वरच्या मजल्यावर मला ते ऐकू येत असे. मी घड्याळ पाहत नसे, तरी वेळ कळत असे. मग एका रविवारी दुपारी तीन वाजले आणि आवाज आला नाही. मी खाली गेले तेव्हा ते टाकीतलं पाणी बादलीने अंगणातल्या गटारात ओतत होते. ते पाणी कशाच्याच कामाचं नव्हतं. मी दुसरी बादली उचलली. त्यांनी नको म्हटलं नाही.

महिनाभरात ते नांदेडला गेले, कायमचे. घराची किल्ली माझ्याकडे ठेवली. जाताना वही मागितली, मी दिली. ती त्यांनी कशाला नेली ते मी विचारलं नाही.

या माघात ते गेले. झोपेतच. पुण्यानुमोदनाच्या विधीला मला पोचता आलं नाही, वार्षिक तपासणी होती. ती मी टाळायला हवी होती. मी चार दिवसांनी नांदेडला गेले.

मुलीने दार उघडलं, कडेवर बाळ. आता ते तळहाताएवढं राहिलेलं नाही, दोन दात आले आहेत. खोलीत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली काकूंचा आणि काकांचा फोटो शेजारी शेजारी होता. आम्ही थोडं बोललो. ती म्हणाली, "हिच्या खाण्याला बाबा कुणालाच हात लावू द्यायचे न्हाईत. वाटी, चमचा, गाळणी, सगळं त्यांचं. मी म्हणलं, बाबा, मशीन करा एखादं. तर म्हणले, ह्याला मशीन न्हाई."

मग ती म्हणाली, "त्या मिरचीचं म्हणायचे, मशीन बरोबर चाललं. चूक माझीच. मॅडमला का ते सांगितलं न्हाई."

वहीत जे नव्हतं ते मी तिला सांगितलं. ते दारात उभे राहून सांगायला लागले होते, मी गाडीची वेळ दाखवली. आणि फोनवर रोज नुसती सुस्त आहे म्हटलं. मी हे यादीतल्यासारखं क्रमाने सांगितलं, कारण मला दुसऱ्या पद्धतीने सांगता येत नाही.

ती ऐकत होती. मध्येच तिचा मोबाईल वाजला. गजर होता. काकांनी लावून ठेवलेला, दर दोन तासांचा. तिने तो काढलेला नाही. उठून वाटी आणली, पेज गाळलेली होती, आणि बाळाला मांडीवर घेऊन चमचा तोंडाशी नेला. पोरगी आधी मिटून बसली. मग तिने तोंड उघडलं.

आता कार्यालयात कुणी काम सोपवताना कारण सांगू लागलं, की मी पेन खाली ठेवते आणि ते संपेपर्यंत ऐकते. हे मी तिला सांगणार होते. सांगितलं नाही.

बाळाचं तोंड पुसून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, सकाळपासून पोटात गेलं का काही?"

"चहा," मी म्हणाले.

तिने बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि आत गेली. भाकरी आणली, चटणी आणली, वर थोडा ठेचा. मग समोर बसली, आणि माझा शेवटचा तुकडा संपेपर्यंत उठली नाही.